दोन तारांचे गाणे : कझाक प्रेमगीत आणि त्याची संयोजने

एखादे जुने कझाक प्रेमगीत नव्या संगीतसंयोजनात रंगमंचावर येते, तेव्हा गाणारा आणि ऐकणारा दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात भटक्या पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले एक मूळ गाणे आहे आणि आजच्या संयोजकाने त्यावर व्हायोलिनांचा, सिंथेसायझरचा किंवा ड्रमचा साज चढविला आहे, अशी ती समजूत असते. कझाक गायनाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या समजुतीला फारसा आधार देत नाही. संयोजकाच्या हाती जे 'मूळ' म्हणून येते ते बहुतेक वेळा १९२० आणि १९३० च्या दशकांत कागदावर उतरलेले, ऑपेरासाठी घासूनपुसून घेतलेले आणि पुढे रेडिओने घरोघरी पोचविलेले रूप असते. त्याच्याही आधी ते गाणे एका गायकाकडून दुसऱ्याकडे जाताना लांबत, आखडत आणि शब्द बदलत गेलेले असते. नव्या संयोजनाने लोकगीत बिघडते की टिकते, या वादात ज्याचा कैवार घेतला जातो ते लोकगीतच मुळात एक जुने संयोजन असते, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्या वादाचा उलगडा होत नाही.

कझाक भाषेत गाण्याला 'ॲन' म्हणतात. केवळ वाद्यावर वाजवायच्या रचनेला 'क्युय' आणि वीरकथा सांगणाऱ्या पठणवजा गायनाला 'जिर' अशी निराळी नावे आहेत. प्रेमगीत हे ॲनच्या कक्षेत येते, आणि ते इतके का फुलले याचे उत्तर विवाहाच्या रूढींत सापडते. सात पिढ्यांच्या आतील नात्यात लग्न करू नये असा 'जेती अता' नावाचा दंडक होता. सोयरीक वडीलधारी मंडळी जमवीत, अनेकदा मुले लहान असतानाच, आणि वरपक्षाने वधूपक्षाला गुरांच्या रूपात 'कालिङमाल' हे वधूमूल्य द्यावे लागे. देणे-घेणे ठरले की मुलीच्या मनाला फारसा वाव उरत नसे. त्यामुळे या गीतांत मीलनाची खात्री क्वचितच ऐकू येते. ऐकू येतो तो एकदा दिसलेल्या आणि दुसऱ्या वस्तीवर निघून गेलेल्या मुलीचा माग. पशुपालकांच्या वस्त्या ऋतूप्रमाणे हलत असल्याने दोन वस्त्यांची गाठ उन्हाळी कुरणावर पडे आणि हिवाळ्यापूर्वी तुटे, हेही या गीतांच्या हुरहुरीमागचे एक साधे भौगोलिक कारण आहे.

या गीतांचा सांगाडा बहुधा 'कारा-ओलेङ' या छंदाचा असतो. प्रत्येक ओळीत अकरा अक्षरे, चार ओळींचे कडवे, आणि पहिली, दुसरी व चौथी ओळ एका यमकाची तर तिसरी मोकळी, अशी त्याची बांधणी. माधव जूलियन यांच्या रुबायांमुळे ही यमकरचना मराठी वाचकाला अपरिचित नाही. छंद इतका सर्वपरिचित असल्याने कोणतेही कडवे उचलून कोणत्याही चालीवर बसविता येई आणि तसे ते बसविले जाई. गाण्याची खरी ओळख कडव्यांत नसे; ती 'काइर्मा' म्हणजे पालुपदात असे, जिथे बहुधा अर्थहीन किंवा अर्धवट अर्थाची अक्षरे येतात आणि चाल आपल्या सर्वांत उंच स्वरावर जाऊन ठेपते. पुष्कळ गाण्यांची नावेही या पालुपदावरूनच पडली आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गाणे ज्यांच्या हाती वाढले ते गायक 'साल' आणि 'सेरी' या नावांनी ओळखले जात. दोन्ही शब्दांना नेमका मराठी पर्याय नाही. सेरी हा शिकारी ससाणे आणि शर्यतीचे घोडे बाळगणारा, देखणा, उमदा गायक, तर साल हा चित्रविचित्र पेहराव करून मुद्दाम बेफिकीर वागणारा. मात्र प्रत्यक्षात एकाच माणसाला दोन्ही विशेषणे लागत. त्यांचा प्रदेश म्हणजे मध्य कझाकस्तानातील 'सारी-अर्का', शब्दशः 'पिवळी पाठ', हा विस्तीर्ण उंचवटा. तिथल्या गायनपद्धतीला आजही 'अर्का शैली' म्हटले जाते. बिर्झान साल (१८३४–१८९७) आणि अकान सेरी (१८४३–१९१३) हे दोघेही उत्तरेकडील कोकशेताऊ परिसरातले. बिर्झानचे 'जानबोता' हे गाणे प्रेमाचे नाही, पण गायकाच्या सामाजिक स्थानाविषयी ते कोणत्याही दस्तऐवजाइतके बोलते, कारण एका सत्ताधाऱ्याच्या हुजऱ्याने भर लोकांत दोम्ब्रा हिसकावून घेऊन मारहाण केल्याची तक्रार त्यात जानबोता नावाच्या अधिकाऱ्याकडे नोंदविली आहे. गायकाला मान होता, संरक्षण नव्हते. अकान सेरीचा 'कुलागेर' हा शर्यतीचा घोडा १८७६ मध्ये एका श्राद्धभोजनाच्या शर्यतीत मारला गेला आणि त्या घोड्यावरचे त्याचे शोकगीत त्याच्या प्रेमगीतांइतकेच गाजले. 'बालकादिशा' हे त्याचे प्रेमगीत तर अर्का शैलीची कसोटी मानले जाते. त्यांच्यानंतरचा बालुआन शोलाक (१८६४–१९१९) हा नावाप्रमाणेच पहिलवान, कारण 'बालुआन' आणि 'पहिलवान' हे एकाच फारसी शब्दाचे दोन अवतार आहेत, आणि 'शोलाक' म्हणजे थोट्या हाताचा. त्याचे 'गालिया' हे प्रेयसीच्या नावाने रचलेले गीत आजही मैफलींत हमखास ऐकू येते.

या गायकांच्या हातातील दोम्ब्रा हे वाद्य समजून घेतले नाही तर पुढचे सर्व बदल पोकळ वाटतील. लांब मानेचे, दोनच तारांचे हे वाद्य नावाने बहुधा तंबोऱ्याच्या कुळातले आहे, पण त्याचे काम केवळ आधारस्वर देण्याचे नाही. तारा मेंढीच्या किंवा बकरीच्या आतड्याच्या तातीच्या असत. त्या षड्ज-मध्यम किंवा षड्ज-पंचम अंतरावर लावल्या जात. पडदेही तातीचेच, मानेभोवती गाठ मारून बांधलेले, आणि म्हणून सरकविता येणारे होते. अर्का प्रदेशातील दोम्ब्रा आखूड मानेचा, सपाट पाठीचा आणि मोजक्याच पडद्यांचा. पश्चिमेकडील कास्पियन बाजूचा दोम्ब्रा लांब मानेचा, नासपतीच्या आकाराचा आणि अधिक पडद्यांचा. अर्काचा गायक प्रारंभीच एक उंच हाक मारावी तसा स्वर लावी, तो हवा तितका लांबवी, आणि त्या लांबलेल्या स्वराखाली दोम्ब्रा घोड्याच्या चालीसारखी आपली लय चालू ठेवी. ओळ संपली की वाद्य क्षणभर एकटे बोले आणि गायकाला श्वास मिळे. ओळीची लांबी श्वासाने, जमलेल्या लोकांच्या प्रतिसादाने आणि त्या दिवसाच्या मनःस्थितीने ठरे. गाण्याआधी त्याची जन्मकथा सांगण्याचीही पद्धत होती: कोणी, कोणासाठी, कोणत्या प्रसंगी रचले हे सांगितल्यावरच गाणे सुरू होई. ही कथा म्हणजे प्रस्तावना नव्हे, ती गाण्याचाच भाग. नव्या संयोजनांत सर्वप्रथम गळाली ती हीच, आणि तिच्या जाण्याबद्दल मात्र कोणी फारशी तक्रार केलेली आढळत नाही.

अशा परंपरेत नवे संयोजन ही बाहेरून आलेली कल्पना नव्हती. अबाय कुनानबायउली (१८४५–१९०४) या कवीने १८८० च्या दशकाच्या अखेरीस पुश्किनच्या 'येव्गेनी ओनेगिन' या पद्यकादंबरीतील काही भाग कझाकमध्ये आणले आणि तात्यानाच्या प्रेमपत्राला स्वतः चाल लावली. रशियन जमीनदाराच्या घरातील मुलीचे पत्र दोम्ब्रावर गायले जाऊ लागले आणि तोंडोतोंडी वस्त्यावस्त्यांत पोचले. अबायच्या 'कोझिम्निङ कारासी' म्हणजे 'माझ्या डोळ्याची बाहुली' या प्रेमगीतात कारा-ओलेङची लांब ओळ टाकून तोकड्या, पावले टाकत जाणाऱ्या ओळी आल्या. छंद बदलल्यावर चालही बदलणे भाग होते. बिर्झान साल हा अबायच्या वस्तीवर गाऊन गेलेला होता, तेव्हा अर्काची लांब हाक अबायला ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. त्याने ती जाणूनबुजून आवरली. नावीन्य हा परंपरेचा द्रोह असता तर अबाय आज परंपरेचा मेरुमणी ठरला नसता.

परकी माणसेही या परंपरेत आली. १८८९ च्या कायद्यानंतर आणि विशेषतः १९०६ नंतर रशियन व युक्रेनी शेतकरी मोठ्या संख्येने गवताळ प्रदेशात वसविले गेले. अकमोला हा त्यांतील एक मुख्य विभाग होता. कुरणे नांगराखाली गेली, कझाकांच्या ऋतुमार्गांवर गावे उभी राहिली आणि जमिनीवरून तंटे झाले. याच काळातील 'दुदाराय' हे गीत मारिया येगोरोव्ना रिकिना या १८८७ मध्ये जन्मलेल्या रशियन मुलीचे मानले जाते; कझाक तिला मारियम जागोरकिझी, म्हणजे येगोरची मुलगी मारियम, म्हणत. 'दुदार' म्हणजे दाट कुरळ्या केसांचा, आणि शेवटचा 'आय' हा हाक मारण्याचा, जीव ओतण्याचा प्रत्यय. तिने ज्या कझाक तरुणाला साद घातली त्याचे हे लाडके नाव. छंद कारा-ओलेङचाच आहे आणि चालही गवताळ प्रदेशाचीच. पुढे सोव्हिएत काळात या गीताला 'राष्ट्रांच्या मैत्री'चे प्रतीक केले गेले आणि १९५३ मध्ये येव्गेनी ब्रुसिलोव्स्की याने त्याच नावाचा ऑपेरा रचला. जमिनीच्या तंट्यांची आठवण त्या मैत्रीत विरघळली, हे सांगायला नको.

गाणे कागदावर आणण्याचे श्रेय अलेक्झांडर झातायेविच (१८६९–१९३६) या माणसाकडे जाते. वॉर्सात संगीतसमीक्षक म्हणून वावरलेला हा गृहस्थ १९२० मध्ये ओरेनबुर्गला आला, आणि त्या वेळी तिथे नव्या स्वायत्त प्रजासत्ताकाची राजधानी असल्याने चहूबाजूंनी येणाऱ्या कझाक अधिकाऱ्यांना, विद्यार्थ्यांना, शिपायांना आणि गायकांना गाठून त्यांच्याकडून गाणी ऐकू लागला. फोनोग्राफ न वापरता तो कानाने ऐकून थेट स्वरलेखन करी. १९२५ मध्ये ओरेनबुर्ग येथे निघालेल्या त्याच्या संग्रहात एक हजार चाली होत्या. ग्रंथाच्या नावात मात्र 'किर्गिझ लोकांची गाणी' असे शब्द होते, कारण रशियन प्रशासन कझाकांना तोवर किर्गिझ म्हणत असे आणि हे नाव त्याच वर्षी अधिकृतपणे दुरुस्त झाले. १९३१ मध्ये अल्मा-आता येथून आणखी पाचशे गाणी आणि क्युय प्रसिद्ध झाले. या कामाचे मोल मोठे आहे, कारण त्यानंतरच्या दहा वर्षांत जे घडले ते पाहता यांतील कितीतरी चाली अन्यथा कोणाच्याच कानी पडल्या नसत्या. परंतु स्वरलेखन म्हणजे मुळातच एक निवड असते. लांबविलेला स्वर किती मात्रांचा हे ठरवावे लागते, सरकत्या पडद्यावरचा मधला स्वर पियानोच्या जवळच्या पट्टीत ढकलावा लागतो, आणि गायकाने त्या दुपारी गायलेले रूप कायमचे होऊन बसते. झातायेविचने स्वतःच यांतील चालींवर पियानोसाठी लहान रचनाही केल्या. म्हणजे संग्राहक आणि पहिला संयोजक एकच होता.

ग्रंथ निघाला त्याच वर्षी सेमे भागातील आम्रे काशाऊबायेव (१८८८–१९३४) हा गायक पॅरिसच्या सजावटी व औद्योगिक कलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी पाठविला गेला. तो तिथे दोम्ब्रा घेऊन एकटाच गायला आणि दुसरे पारितोषिक घेऊन परतला; त्याचा आवाज तिथे ध्वनिमुद्रितही झाला. १९२७ मध्ये तो फ्रांकफुर्टलाही गाऊन आला. पॅरिसमध्ये त्याची मुस्तफा शोकाय या परागंदा कझाक पुढाऱ्याशी गाठ पडल्यामुळे नंतर त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले आणि १९३४ मध्ये अल्मा-आता येथे त्याचा संशयास्पद मृत्यू झाला. काशाऊबायेवच्या त्या पॅरिसच्या गायनाला एक वेगळेच महत्त्व आहे: दोन तारा आणि एक कंठ, मधे दुसरे काहीही नाही, अशा रूपात कझाक गीत युरोपच्या मंचावर उभे राहिले आणि कोणालाही त्यात काही उणे वाटले नाही. दहा वर्षांनी त्याच गीताला मॉस्कोला न्यायचे तर मागे संपूर्ण ऑर्केस्ट्रा हवा, असे ठरले होते.

मधल्या काळात गाण्याचे जगच कोसळले होते. सक्तीचे सामूहिकीकरण, जनावरांची जप्ती आणि भटक्यांना बळाने एका जागी बसविण्याचे धोरण यांमुळे १९३० ते १९३३ या काळात कझाकस्तानात सुमारे १५ लाख माणसे दुष्काळात मेली; त्यांत सुमारे १३ लाख कझाक होते. ज्या उन्हाळी कुरणांवर प्रेमगीते जन्मत ती कुरणे होती, पण वस्त्या नव्हत्या, घोडे नव्हते. कझाक प्रेमगीताचा राजमान्य सुवर्णकाळ याच दुष्काळाच्या लगेच पाठोपाठ सुरू होतो, ही गोष्ट संगीताच्या पाठ्यपुस्तकांनी फार काळ दोन वेगळ्या प्रकरणांत ठेवली.

१९३४ च्या जानेवारीत अल्मा-आता येथे संगीत नाट्यगृह सुरू झाले आणि ७ नोव्हेंबर १९३४ रोजी तिथे 'किझ जिबेक' हा ऑपेरा रंगला. जिबेक म्हणजे रेशीम आणि किझ म्हणजे मुलगी. नायिकेचे हे नाव असलेली प्रेमकथा कझाकांत शतकानुशतके गायली जात होती. संहिता गाबित मुसिरेपोव यांची होती, आणि संगीत लेनिनग्राद कन्झर्व्हेटरीत शिकून १९३३ मध्ये अल्मा-आतात आलेल्या ब्रुसिलोव्स्की (१९०५–१९८१) याचे. तो कझाक भाषा जाणत नव्हता. त्याच्यापुढे झातायेविचचे ग्रंथ आणि जिवंत गायक अशी दोन साधने होती. त्याने स्वतंत्र चाली रचण्याऐवजी प्रचलित गीतेच पात्रांच्या तोंडी घातली. जिबेकचे सर्वांत गाजलेले गीत 'गाक्कू' हे उकिली इब्राय या कोकशेताऊकडील गायकाचे. 'उकिली' हे विशेषण घुबडाच्या पिसांच्या तुऱ्यावरून पडले आणि 'गाक्कू' हा हंसाच्या सादेचा अनुकार आहे. पुरुष गायकाने दोम्ब्रावर रचलेले गाणे अशा रीतीने नायिकेच्या गळ्यात गेले. कुलाश बायसेइतोवा (१९१२–१९५७) हिने ते गायले तेव्हा पालुपदातील हंसाची साद उंच स्वरांच्या, तानेसारख्या सजावटीत रूपांतरित झाली आणि खाली तंतुवाद्यांचा स्वरमेळ आला. स्वरमेळ म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांची युरोपीय पद्धतीची रचना. ब्रुसिलोव्स्कीने त्यात दोम्ब्राच्या षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम जोड्यांचा उपयोग केला, म्हणून ते सर्वस्वी उपरे वाटत नाही. तरीही एक मूलभूत उलथापालथ झाली, ती अशी की आता ओळीची लांबी गायकाचा श्वास ठरवीत नव्हता, संचालकाची काठी ठरवीत होती.

मे १९३६ मध्ये मॉस्कोत कझाक कलेचा दहा दिवसांचा उत्सव झाला, 'किझ जिबेक' तिथे गाजला, आणि त्याच वर्षी जाहीर झालेल्या 'सोव्हिएत संघाचा जनकलावंत' या नव्या किताबाच्या पहिल्याच यादीत स्तानिस्लाव्स्कीसारख्यांच्या पंक्तीत चोवीस वर्षांची कुलाश बसली. उत्सवाची जबाबदारी ज्याच्या खात्याकडे होती तो शिक्षणमंत्री तेमिरबेक जुर्गेनोव याला १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. कुलाशची ध्वनिमुद्रणे मात्र राहिली आणि रेडिओवरून इतकी वाजली की पुढच्या पिढ्यांना 'गाक्कू' म्हटले की तिचाच आवाज आठवू लागला. आजही एखादी गायिका 'गाक्कू'चे पारंपरिक रूप गाते असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक वेळा कुलाशची पट्टी, तिची सजावट आणि ब्रुसिलोव्स्कीची चौकट गायली जाते. उकिली इब्रायने ते कसे गायले असेल याचा अंदाज गायकांच्या दुसऱ्या, बारीक होत गेलेल्या साखळीतूनच लागू शकतो.

दुसरा बदल वाद्यातच झाला. अखमेत जुबानोव (१९०६–१९६८) या संगीतज्ञाने १९३४ मध्ये दोम्ब्रावादकांचा मेळा उभा केला, तो वाढत जाऊन लोकवाद्यांचा मोठा वाद्यवृंद झाला, आणि त्याला पुढे कुरमानगाझी या एकोणिसाव्या शतकातील दोम्ब्रावादकाचे नाव मिळाले. अनेक दोम्ब्रा एकत्र वाजवायचे तर सर्वांचे पडदे एका जागी हवेत. म्हणून तातीच्या सरकत्या पडद्यांच्या जागी बारा समान अर्धस्वरांचे पक्के पडदे बसविले गेले, आणि व्हायोलिन कुळाच्या धर्तीवर प्राइमा, आल्टो, टेनर, बास असे लहानमोठ्या आकारांचे दोम्ब्रा घडविले गेले. कोबिझ हे घोड्याच्या केसांच्या तारांचे, गजाने वाजवायचे मांत्रिकांचे अर्थात शामानांचे वाद्यही असेच वाद्यवृंदासाठी सुधारले गेले. जुबानोव हा केवळ प्रशासकीय सुधारक नव्हता. गायकांची चरित्रे आणि गाण्यांच्या जन्मकथा त्याने गावोगावी फिरून जमविल्या आणि 'झामाना बुलबुलदारी' म्हणजे 'युगाचे बुलबुल' या १९६३ च्या ग्रंथात मांडल्या; बिर्झान, अकान आणि बालुआन शोलाक यांच्याविषयी नंतरच्या लेखकांनी जे लिहिले त्याचा मोठा भाग तिथून आला आहे. ज्या माणसाने पडदे पक्के केले त्यानेच सरकत्या पडद्यांच्या काळाची आठवण लिहून ठेवली, हा विरोधाभास त्याच्या पिढीच्या वाट्याला आलेला होता. त्याचा थोरला भाऊ, भाषातज्ञ कुदाइबेर्गेन जुबानोव, १९३८ च्या दमनसत्रात मारला गेला होता.

गाण्याबरोबर गायकांच्या कथाही नव्याने बांधल्या गेल्या. मुकान तुलेबायेव (१९१३–१९६०) याचा १९४६ मधील 'बिर्झान आणि सारा' हा ऑपेरा याचे उत्तम उदाहरण आहे. बिर्झान आणि सारा या दोन कवींचा 'ऐतिस', म्हणजे समोरासमोर बसून पद्यात केलेला वाद, १८७१ मध्ये झाल्याचे सांगितले जाते. त्यात टोळीचा अभिमान, टोमणे आणि हजरजबाबीपणा भरपूर आहे. बिर्झान साराला तिचा नियोजित वर दाखव म्हणून डिवचतो आणि त्या अजागळ वरामुळे तिला हार पत्करावी लागते. ऑपेरात या सामन्याची शोकान्त प्रेमकथा झाली. संगीत म्हणून ते तुलेबायेवचे सर्वोत्तम काम आहे यात शंका नाही, आणि बिर्झानच्या स्वतःच्या चाली त्यात अत्यंत मार्मिकपणे गुंफल्या आहेत. पण सारा ही बरोबरीची प्रतिस्पर्धी होती, ती प्रेयसी झाल्यावर तिच्या जिभेची धार गेली.

एकट्या गायकाची जुनी वाट पूर्णपणे बुजली नाही, याचे श्रेय जुसिपबेक एलेबेकोव (१९०४–१९७७) यांच्यासारख्यांना द्यावे लागते. ते नाट्यगृहाचेच कलावंत होते, पण दोम्ब्रावर एकट्याने गाण्याची अर्का पद्धत त्यांनी सोडली नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अल्मा-आतातील रंजनकला विद्यालयात त्यांनी पारंपरिक गायनाचा वर्ग घेतला. जानिबेक कारमेनोव (१९४९–१९९२) आणि काइरात बायबोसिनोव हे त्यातून तयार झालेले गायक. शिकविण्याची पद्धत समोर बसून तोंडाने चाल देण्याची होती, कागद दुय्यम होता. तरीसुद्धा शिष्यांच्या हातातला दोम्ब्रा पक्क्या पडद्यांचा आणि नायलॉनच्या तारांचा होता, तेव्हा या 'शुद्ध' धारेतही १९३४ चे पाणी मिसळलेले आहेच.

त्याच सुमारास, १९६७ मध्ये, अल्मा-आताच्या पॉलिटेक्निक संस्थेतील काही विद्यार्थ्यांनी 'दोस-मुकासान' नावाचा संच काढला. नाव चार संस्थापकांच्या नावांतील आद्याक्षरे जुळवून केलेले होते. 'रॉक' हा शब्द तेव्हा अधिकृतपणे चालत नसल्याने अशा संचांना 'गायन-वादन संच' म्हणत. इलेक्ट्रिक गिटार, ऑर्गन आणि ड्रम यांवर त्यांनी लोकगीते व क्युय बसविले. जाणकारांनी नाके मुरडली असतील, पण एक गोष्ट तांत्रिकदृष्ट्या खरी आहे: गिटारचा ठोका, दोन-तीन तारांची खडी चाल आणि त्यावर मोकळा तरंगणारा आवाज ही मांडणी साठ वादकांच्या वाद्यवृंदापेक्षा दोम्ब्रा-गायनाला अधिक जवळची होती. नुरगिसा त्लेन्दियेव (१९२५–१९९८) याने दुसरी दिशा धरली. 'किझ जिबेक'च्या चित्रपटाला संगीत देणाऱ्या या रचनाकाराने १९८० च्या सुमारास 'ओत्रार साझी' हा वाद्यवृंद उभारला आणि त्यात जुबानोवच्या रचनेत मागे पडलेल्या जुन्या वाद्यांना, उदाहरणार्थ सिबिझगी या उभ्या बासरीला आणि जेतिगेन या सात तारांच्या वाद्याला, जागा दिली. म्हणजे १९८० च्या दशकातील 'मुळाकडे परतणे' हेही एक नवे संयोजनच होते, आणि त्याचा वाद खरे तर १९३४ शी होता.

१९९१ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर या सर्व वाटा एकाच वेळी खुल्या झाल्या. व्हायोलिन, दोम्ब्रा आणि इलेक्ट्रिक गिटार यांचा 'उलिताऊ' हा संच, संगीतशाळांतून बाहेर पडून जुन्या वाद्यांवर हात बसविणारे तरुण गट आणि टाळ्या मिळविणारे पॉप गायक हे सर्व त्याच जुन्या चालींच्या पुंजीवर जगतात. २०१७ मध्ये चीनच्या हुनान वाहिनीवरील 'सिंगर' या स्पर्धेत दिमाश कुदाइबेर्गेन याने 'दाइदीदाउ' हे कझाक गीत गायले, तेव्हा त्या पालुपदाचा अर्थ न कळणाऱ्या कोट्यवधी श्रोत्यांपर्यंत ते पोचले. पालुपदातील अक्षरांना तसाही फारसा अर्थ नसल्यामुळे ऐकणाऱ्या चिनी प्रेक्षकाचे आणि कझाक प्रेक्षकाचे त्या एका ठिकाणी तरी समान नुकसान, किंवा समान लाभ, झाला. त्या सादरीकरणात अर्का गायकाची प्रारंभीची उंच हाक स्पष्ट ओळखू येते, पण ती गाण्याच्या तोंडी न राहता हळूहळू चढत जाऊन उत्कर्षबिंदूला पोचते; स्पर्धेच्या प्रेक्षकाला आधी शांतता आणि मग शिखर हवे असते. सारी-अर्कात श्रोता दूरवर, घोड्यावर, वाऱ्यात असे. त्याचे लक्ष वेधायचे तर शिखर आधीच गाठावे लागे.

आणि 'गाक्कू'? दोम्ब्रावर जन्मलेली, कुलाशच्या गळ्यात तान झालेली ती हंसाची साद आता कझाकस्तानातील एका संगीतवाहिनीचे नाव आहे, आणि त्या 'गाक्कू टीव्ही'वर दिवसभर कझाक भाषेतील नवी गाणी वाजत असतात.